गरोदरपणातल्या सरकारी सेवा: आशाताईंना पैकीच्या पैकी, आहाराचं पाकीट काठावर पास

महाराष्ट्रात दिवस राहिलेल्या बाईसाठी आणि सहा वर्षांखालच्या मुलासाठी घराजवळ, फुकट आणि हक्काची म्हणून जी सेवा आहे, तिला एक नाव नाही. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर आरोग्य खात्याच्या. मातृवंदना योजनेचे पैसे केंद्राच्या पोर्टलवरून थेट बँकेत. दारं एकाच गल्लीत असली तरी रजिस्टरं वेगळी, अ‍ॅप वेगळी, साहेबही वेगळे. म्हणून ‘सरकारी सेवा चांगली की वाईट’ याला एका शब्दात उत्तर नाही. काही भाग महागड्या खाजगी दवाखान्यातही मिळत नाही इतका चांगला आहे, काही भाग नुसता उरकलेला आहे. आणि सगळ्यात मोठं भोक बरोबर मध्यावर आहे: बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते, सेवा मात्र सासरच्या पत्त्यावर थांबते.

आधी नोंदणी. १२ आठवड्यांच्या आत नाव लागलं पाहिजे, आणि इथे पहिली आडकाठी घरातूनच येते. ‘तीन महिने होईपर्यंत बाहेर सांगायचं नाही’ ही रीत. तीन महिने म्हणजे जवळपास तेच १२ आठवडे. गावाला नका सांगू, आशाताईंना सांगा. लघवीच्या तपासणीचं निश्चय किट त्यांच्याकडेच असतं, वेगळं विकत आणायला नको. घाई कशासाठी, तर फॉलिक अ‍ॅसिडसाठी. रोज ४०० मायक्रोग्रॅमची ही गोळी पहिल्या तीन महिन्यांतली. बाळाचा मेंदू आणि मणका यांची घडण अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत होऊन जाते, त्यामुळे चौथ्या महिन्यात नाव नोंदवून ही गोळी मागितली तर तिचा मुख्य उपयोग संपलेला असतो.

नोंदण्या दोन असतात हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. उपकेंद्रात नाव लागलं की आरसीएच नंबर मिळतो, तो आरोग्य खात्याच्या माता-बाल यादीतला. अंगणवाडीत नाव पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये चढतं, ते वेगळं. एकीकडे नाव लागलं म्हणजे दुसरीकडे आपोआप लागत नाही. दोन्ही ठिकाणी जा आणि माता व बाल संरक्षण कार्डावर आरसीएच नंबर लिहिलाय का ते स्वतः बघा. तो रकाना रिकामा असेल तर पुढे पैशाच्या फॉर्मपासून लसीपर्यंत सगळीकडे अडतं.

कार्डावर सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटच्या पाळीची. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस सांगायचा असतो. पुष्कळदा पाळी चुकली ती तारीख सांगितली जाते, आणि सगळा हिशेब चार आठवड्यांनी सरकतो. प्रसूतीची तारीख काढायची रीत सोपी आहे: त्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. तारीख महिनाभर चुकली की साखरेची तपासणी चुकीच्या आठवड्यात होते, पूर्ण दिवसांचं बाळ ‘दिवस न भरलेलं’ म्हणून लिहिलं जातं, आणि पैशाच्या अर्जाची मुदतही याच तारखेपासून मोजतात. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देण्यापेक्षा तसं सांगा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी ती बऱ्यापैकी नेमकी काढून देते.

उपकेंद्रातल्या तपासण्या किमान चार: १२ आठवड्यांच्या आत, मग १४ ते २६, २८ ते ३४, आणि ३६ नंतर. दर वेळी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं आणि साखर, पोटावरून तपासणी. रक्तगट, एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी सुरुवातीला. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. जेवलेलं असलं तरी चालतं. आकडा १४० किंवा वर आला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ही तपासणी पुन्हा करायची असते, आणि गळते ती हीच दुसरी. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवशीचा आकडा धरायचा नाही, दुसऱ्या दिवशी परत जायचं.

सिस्टर चांगल्या असतील तर हे सगळं व्यवस्थित होतं. दिवस गर्दीचा असेल तर रक्तदाब चालत आल्या आल्या, ब्लाउजच्या बाहीवरूनच घेतला जातो. पाच मिनिटं बसून, दंड मोकळा करून घ्या म्हणायला संकोच करू नका. आणि कार्ड घरी आणल्यावर एकदा सलग वाचा. तीन भेटींत वजन ५२, ५२, ५२ असं दिसलं तर काटा नाही, नुसतं पेन चाललंय. नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढ अपेक्षित असते.

गोळ्यांचं गणित कार्डावर असतं, पण समजावून कुणी सांगत नाही. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक, एकूण १८०. कॅल्शियमच्या रोज दोन, एकूण ३६०. दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, म्हणजे दोन्ही घेऊन हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री झोपताना, असं बसवलं की प्रश्न मिटतो. लोहाच्या गोळीवर चहा नको, त्याऐवजी लिंबू पिळलेलं पाणी चालतं. शौचाला काळी होते ती लोहामुळे, घाबरायचं कारण नाही. जंताची ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी चौथ्या महिन्यानंतर. बऱ्याच घरांत गोळ्या पिशवीतच राहतात, कारण ‘बाळ काळं होतं’ किंवा ‘बाळ फार मोठं होतं, मग अडतं’. दोन्हींत तथ्य नाही. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर दिवसाला दोन गोळ्या; दिवस जास्त भरले असतील तर शिरेतून लोह देतात, तेही फुकट. ७ च्या खाली गेलं की ते उपकेंद्राचं काम राहत नाही, थेट मोठं रुग्णालय.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांकडून तपासणी होते. २०१६ पासून चालू असलेली ही सेवा, आणि तिचा एक भाग फार हुशारीचा: कार्डावर रंगीत टिकली लावतात. हिरवी म्हणजे धोका नाही, लाल म्हणजे जोखमीची, निळी म्हणजे गरोदरपणातला रक्तदाब, पिवळी म्हणजे मधुमेह किंवा थायरॉइडसारखा सोबतचा आजार. रात्री दोन वाजता कार्ड हातात आलेल्या अनोळखी डॉक्टरला वाचत बसावं लागत नाही. टिकली न लावताच घरी पाठवलं तर मागून घ्या. या दिवशी गर्दी फार होते. सकाळी लवकर पोचा आणि डबा-पाणी बरोबर ठेवा. सोनोग्राफी प्राथमिक केंद्रात नसते, त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं लागतं आणि ओळखपत्र लागतंच. व्यंग बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी, तारीख मिळायला वेळ लागतो म्हणून चौथ्या महिन्यातच विचारून ठेवा.

आता पैसे. प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ ला सुरू झाली, १ एप्रिल २०२२ पासून तिचे नियम बदलले, आणि गावोगाव अजून जुने नियम सांगणारे भेटतात. पूर्वी तीन हप्ते होते, आता पहिल्या अपत्यासाठी दोनच: ३,००० आणि २,०००. पहिला मिळतो शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झालेली असेल तर. दुसरा, बाळाची जन्मनोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० एकरकमी. दुसऱ्या खेपेला जुळं झालं आणि त्यात एक मुलगी असली तरी मिळतात. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. एकट्या आईचा अर्ज परत पाठवला तर तो नियमाने नव्हे, अज्ञानाने. पात्रतेसाठी पिवळी किंवा अन्नसुरक्षेतली केशरी शिधापत्रिका, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, ई-श्रम, मनरेगाचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, ८ लाखांखालचा उत्पन्नाचा दाखला यांपैकी कोणतंही एक पुरतं. सगळी गोळा करत बसू नका.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा बँकेत. खात्याला आधार ‘जोडलेलं’ असणं आणि थेट लाभासाठी ते ‘सीड’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधार शेवटचं जिथे सीड झालं त्या खात्यात जातात. लग्नाआधी कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं असेल तर हप्ता तिथे जाऊन पडलेला असतो आणि इथे सगळे ‘आले नाहीत’ म्हणून बसतात. बँकेत जाऊन नेमका हाच प्रश्न विचारा: माझं आधार कुठल्या बँकेला सीड आहे? नसेल तर पोस्टाचं खातं हा सोपा मार्ग. दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, आणि पोर्टल दोन्ही जुळवायला बघतं. नाव बदलायचं असेल तर चौथ्या महिन्याच्या आत बदला. नसेल बदलायचं तर सगळीकडे माहेरचंच राहू द्या, त्यानेही काही बिघडत नाही. जननी सुरक्षा योजनेचे पैसे वेगळे आहेत: दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ग्रामीण भागात ७००, शहरात ६०० रुपये. रक्कम किरकोळ, पण हक्काची.

अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराच्या पाकिटाबद्दल मात्र हातचं राखून बोलण्यात अर्थ नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासूनची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ठरलं त्याप्रमाणे गरोदर आणि स्तनदा आईला रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. खर्चाचा २०१७ मध्ये ठरलेला दर आईसाठी दिवसाला साडेनऊ रुपये, मुलासाठी आठ. साडेनऊ रुपयांत ६०० कॅलरी बसवायच्या म्हटल्यावर जे होतं तेच झालंय: शिरा, उपमा, खिचडी यांची तयार पिठं, पाकीटबंद. एकाच चवीची. बायका आवडीने खात नाहीत. गावात फिरलं तर शेळ्या-कोंबड्यांपुढे पडलेलंही दिसतं. पूर्वी कधी डाळ, गहू, चणे असा कोरडा शिधा मिळाला होता तेव्हा तो चुलीवर चढत तरी होता.

तरी पाकीट टाकून देऊ नका, त्यात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळलेली असतात. पाण्यात नुसतं शिजवलं की गोळे होतात आणि कच्चट लागतं. आधी कोरडं मंद आचेवर भाजा, मग उकळतं पाणी थोडं थोडं घाला. खिचडीच्या पिठात कांदा, कोथिंबीर आणि मूठभर बेसन घालून धिरडी चांगली होतात. शिऱ्याच्या पिठात साखर आधीच असते, त्यात शेंगदाण्याचा कूट घालून लाडू वळता येतात. घेताना पाकिटावरची तारीख वाचा, फोडल्यावर डब्यात भरा, पावसाळ्यात आठवड्यातच अळी पडते. आणि ते तिचं आहे. सहा माणसांच्या घरात पाकीट रात्रीच्या जेवणात मिसळलं की तिच्या वाट्याला १०० कॅलरी उरतात.

२०२५ पासून पाकीट देताना मोबाइलवर चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. कल्पना गळती थांबवण्याची. प्रत्यक्षात आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, रेंज नाही, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा कामावर. नवव्या महिन्यातल्या बाईला स्वतः जावं लागतं, सासूला पाठवून भागत नाही. सेविकाताईंवर ओरडून उपयोग नसतो, अ‍ॅप त्यांनी बनवलेलं नाही. आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घेणं, हा यातला एकच भाग आपल्या हातात आहे. सेविकांचीही बाजू आहे: मानधन आणि ग्रॅच्युइटीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, आणि वस्तीवर या एका बाईवर किती काही टांगलेलं आहे ते तेव्हा दिसलं.

आदिवासी भागात अंगणवाडीतूनच मिळणारी, पण आदिवासी विकास खात्याची दुसरी सेवा पाकिटापेक्षा शंभर पटीने बरी. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, २०१५ पासून. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर काही महिने, दिवसातून एक ताजं गरम जेवण: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. लहान मुलांना अंडं किंवा केळी. अंगणवाडीत बसून खाल्लं तर पूर्ण लाभ. शेतीच्या हंगामात बायका डबा भरून नेतात आणि मग तो घरात वाटला जातो. भाजी-अंड्यांचे भाव वाढतात तसा दर वाढत नाही, आणि कात्री बसते ती अंड्यालाच. ताट बघितल्यावर कळतंच.

बाळंतपणाच्या वेळी लक्षात ठेवायचे आकडे दोन. १०२ ही गरोदर बाई आणि आजारी तान्ह्या बाळासाठी फुकट ने-आण करणारी गाडी. १०८ ही आणीबाणीची, तिच्यात डॉक्टर असतो. राज्यात ती २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यातल्या २३३ मध्ये प्रगत उपकरणं. कळा नेहमीसारख्या सुरू असतील तर १०२. रक्तस्राव, झटके, डोळ्यांसमोर अंधारी आणि तीव्र डोकेदुखी, बाळाची हालचाल थांबणं यांपैकी काही असेल तर १०८, वाट बघायची नाही. घरी परत सोडायलाही १०२ फुकट आहे. ‘गाडी नाही, रिक्षा करा’ हे ऐकायला मिळालं तर एकदा तरी मागून बघा. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या सगळं फुकट आहे. जेवणही: साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडली तर ती फेकू नका. त्या चिठ्ठीशिवाय पुढे तक्रारीला काही आधार राहत नाही.

गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट अशा भागांत काही आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ असतं. दिलेल्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी बाईने येऊन राहायचं, बरोबर लहान मूल आणि एक नातेवाईक. पावसाळ्यात नाला भरला की गाडीही येत नाही अशा पाड्यांसाठी याच्यासारखी दुसरी सोय नाही. अडतं ते तारखेवर: शेवटची पाळी चुकीची लिहिलेली असेल तर बाई दोन आठवडे आधी येते, कंटाळते, आणि नेमकं घरी गेल्यावर बाळंत होते.

आता ते मधलं भोक. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत सगळ्या खात्यांना माहीत आहे, पण एकाही रजिस्टरच्या रचनेत ती नाही. सासरच्या आशाताई म्हणतात बाई गावात नाही, माहेरच्या म्हणतात माझ्या यादीत नाही. दोघीही खऱ्या. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं तर दर हिवाळ्यात हेच होतं.

निघण्याआधी चार कामं उरका. मातृवंदनेचा पहिला अर्ज सासरीच भरून टाका आणि अर्जाचा क्रमांक लिहून घ्या. दुसऱ्या हप्त्याचं पोर्टलवर स्वतःही करता येतं. सिस्टरकडून दोन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या. सेविकाताईंना पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतर दाखवायला सांगा, कारण तिथून नाव मोकळं केल्याशिवाय माहेरच्या अंगणवाडीत तेच आधार चढत नाही. आणि कार्डाची मूळ प्रत घ्या, झेरॉक्स नव्हे. टिकली झेरॉक्सवर काळीच दिसते. पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या आशाताईंना आरसीएच नंबर द्या. ही भेट आईने, म्हणजे बाळाच्या आजीने, घालून दिली तर काम पटकन होतं. गावातली ओळख तिची असते. जन्माची नोंद मात्र जिथे बाळ जन्मलं तिथेच होते, २१ दिवसांच्या आत, फुकट. सासरच्या ग्रामपंचायतीत ती होत नाही, आणि हे माहीत नसल्याने दाखला काढायला सहा महिन्यांनी पुन्हा माहेरी जाणारे बाप पुष्कळ आहेत.

बाळ घरी आल्यावर जे मिळतं ती या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत मोलाची गोष्ट, आणि तिचं मूळ महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्या घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासत. तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. २०११ पासून देशभर आशाताई तेच करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची सातवी. बाळाचं वजन, ताप किंवा थंडावा, नाळ, दूध ओढणं आणि श्वास. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. ६० किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, पुन्हा तेवढाच आला तर दवाखाना. अडीच किलोच्या खालच्या बाळाकडे जास्त वेळा यावं लागतं. कुठलाही बालरोगतज्ज्ञ सहा वेळा तुमच्या घरी येत नाही. आणि या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईंना २५० रुपये. भेटी न होता कार्डावर सह्या होतात अशी तक्रार येते तेव्हा ही रक्कमही लक्षात ठेवावी.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांशी आशाताईंचं इथे वाजतं. धुरी, मध, बाळगुटी, नाळेवर तेल किंवा हळद, डोळ्यांत काजळ: सगळ्याला त्या नाही म्हणतात. नाळ कोरडी ठेवायची, काही लावायचं नाही. सहा महिने आईचंच दूध, पाणीही नाही. मालिश मात्र कुणी बंद करायला सांगत नाही. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना आणखी पाच भेटी असतात, त्यांत ओआरएसची पाकिटं आणि लोहाचं सिरप मिळतं: आठवड्यातून दोनदा १ मिली. या भेटी जास्त चुकतात. विचारल्याशिवाय होत नाहीत असंच धरून चाला.

लसी पूर्ण भरवशाच्या. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी. मग ६, १०, १४ आठवडे. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. १६ ते २४ महिन्यांत बूस्टर. न्यूमोकोकल आणि रोटाव्हायरस या बाहेर महाग पडणाऱ्या लसीही फुकट यादीत आहेत. गालगुंड, कांजिण्या, फ्लू नाहीत. त्या हव्या असतील तर खाजगीत. सरकारी पेंटाने, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीने, ताप जास्त येतो हे खरं, पण संरक्षणात ती कमी नाही. तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिली तिथून पुढे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस ९ महिन्यांना, मग दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, एकूण ९. दोन वर्षांनंतरचे डोस आठवणीनेच मागावे लागतात.

अंगणवाडीतल्या वजन-उंचीवर लक्ष ठेवा, कारण मूल कोणत्या रकान्यात जाणार ते त्यावर ठरतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची, त्यापुढे उभं करून, दोन्हींत ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. जाड स्वेटरसकट वजन झालं की कुपोषित मूल कागदावर बरं होतं. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते अतितीव्र कुपोषण. मग ग्राम बाल विकास केंद्र, म्हणजे अंगणवाडीतच महिनाभर दिवसातून अनेकदा जादा आहार. भूक लागत नसेल, ताप किंवा सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह साधारण १४ दिवस. तिथे आईचं जेवण आणि बुडीत मजुरी मिळते. तरी पाचव्या दिवशी बायका निघून येतात, कारण घरी दुसरं मूल असतं. त्याला कोण बघणार हे भरती होण्याआधी ठरवलं तरच १४ दिवस पूर्ण होतात.

तीन ते सहा वर्षांचं शिक्षण पूर्णपणे सेविकाताईंवर अवलंबून. अभ्यासक्रम चांगला आहे. शहरातल्या दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत तो राबवणं कठीण. बेबी केअर किट सरकारी दवाखान्यातल्या पहिल्या बाळंतपणाला, साठा असेल तर. लेक लाडकीचा अर्ज मात्र विसरू नका: १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका, टप्प्याटप्प्याने १८ वर्षांपर्यंत एकूण १,०१,००० रुपये, आणि अर्ज अंगणवाडीतच.

काही अडलं तर योग्य दारावर जा. अंगणवाडीचं असेल तर पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी. आशा किंवा लसीचं असेल तर गटप्रवर्तक, मग तालुका आरोग्य अधिकारी. पैशाचं असेल तर तालुक्यात मातृवंदना बघणारा माणूस, जो बहुधा एकटाच असतो. तोंडी सांगू नका. साध्या कागदावर दोन प्रती, आरसीएच नंबर वर ठळक, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच.